गुणदोषांचा हिशेब : आर्सेन वेंगर आणि आर्सेनलचे पाठीराखे

१८ मार्च २०१७ रोजी इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉमविच येथे आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबचा सामना होता. सामन्याच्या वेळी मैदानावरून एक छोटे विमान गेले. त्याच्या मागे एक लांब फलक फडफडत होता. क्लबचे मॅनेजर आर्सेन वेंगर यांच्याशी नवा करार करू नका, त्यांना आता जाऊ द्या, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. नंतर दुसरे विमान आले. त्याच्या फलकावर वेंगर यांच्यावर आमचा विश्वास आहे, असे लिहिलेले होते. दोन्ही विमानांचे भाडे भरणारे लोक एकाच क्लबचे पाठीराखे होते. खाली आर्सेनलने तो सामना १-३ असा गमावला.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या प्रसंगात ओळखीचे काही दिसावे. एकाच लेखकाविषयी दोन टोकांची मते असणे आपल्याला नवे नाही. येथे मत मांडणाऱ्यांनी पदरचे पैसे खर्चून ते आकाशात लिहिले, एवढेच नवे. १९९६ ते २०१८ अशी जवळजवळ बावीस वर्षे एका माणसाच्या कामाचे गुणदोषविवेचन हजारो लोक दर आठवड्याला करीत होते. इतकी दीर्घ आणि अखंड समीक्षा फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येते. या समीक्षेचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत. वेंगर थोर होते की नव्हते, हा आमचा प्रश्न नाही. पाठीराख्यांनी त्यांना कोणत्या निकषांवर तोलले, ते निकष केव्हा आणि का बदलले, आणि आपण ज्याचे ऋणी आहोत त्याचे दोष कसे सांगावेत, हे आमचे प्रश्न आहेत.

आम्ही तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे. उपग्रहवाहिन्यांमुळे इंग्लंडमधील सामने आपल्याकडे घरोघर दिसू लागले, त्या काळात शनिवारी रात्री साडेआठला दूरचित्रवाणीसमोर बसणाऱ्यांपैकी आम्ही आहोत. ज्या शहरात कधी पाऊल ठेवले नाही, तेथील एका क्लबच्या जयापजयाने आमचे रविवार बरे किंवा वाईट गेले आहेत. पुढील विवेचनातील काही चुका आमच्याही आहेत.

१

प्रथम 'मॅनेजर' या शब्दाविषयी. आपण त्याचे भाषांतर 'प्रशिक्षक' असे करतो, ते अपुरे आहे. इंग्लंडच्या जुन्या रीतीनुसार मॅनेजर संघ निवडतो, सराव घेतो, डावपेच आखतो, कोणता खेळाडू घ्यावा आणि कोणता विकावा हे ठरवतो, आणि सामना संपल्यावर पत्रकारांसमोर बसून सर्वांच्या वतीने उत्तरेही देतो. सैन्यात सेनापतीची, नाटक मंडळीत मालकाची आणि वर्गात शिक्षकाची जी जागा, त्या तिन्ही जागा येथे एकत्र येतात. त्यामुळे यशापयशाचे कर्तृत्व एकाच नावावर मांडण्याची सवय पाठीराख्यांना लागते. एकटा लेखक आणि त्याची कृती असे समीकरण जसे वाचकाला सोयीचे वाटते, तसेच हे.

आर्सेनलमध्ये या समीकरणाला मोठी परंपरा होती. वुलिच येथील शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यातील कामगारांनी १८८६ मध्ये स्थापलेला हा क्लब १९१३ मध्ये उत्तर लंडनमधील हायबरी येथे आला. १९२५ मध्ये हर्बर्ट चॅपमन मॅनेजर झाले आणि त्यांनी क्लबला पहिले वैभव मिळवून दिले. जवळच्या भुयारी रेल्वेस्थानकाचे नाव १९३२ मध्ये बदलून 'आर्सेनल' झाले, तेही त्यांच्याच खटपटीमुळे. जानेवारी १९३४ मध्ये, कर्तृत्वाच्या ऐन भरात, न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. जेकब एप्स्टाइन या शिल्पकाराने घडविलेला त्यांचा अर्धपुतळा हायबरीच्या दालनात बसविण्यात आला. चॅपमन यांचा उतरता काळ कोणी पाहिला नाही. तरुणपणी गेलेल्या कवीच्या उत्तरकालीन कवितेवर कोणी परीक्षण लिहीत नाही, तसेच हे. वेंगर यांना ही सवलत मिळाली नाही, हे पुढील सर्व हकिकतीत ध्यानात ठेवावे लागेल.

वेंगर यांच्या आधीचा महत्त्वाचा काळ जॉर्ज ग्रॅहम यांचा. १९८९ आणि १९९१ मध्ये त्यांनी लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले. त्यांची बचावफळी शिस्तबद्ध आणि कठोर होती. एक गोल करायचा आणि तो राखायचा, अशी या संघाची ख्याती झाली. प्रतिस्पर्धी त्याला कंटाळवाणा म्हणत, आणि आर्सेनलचे पाठीराखे ते विशेषण अंगावर मिरवून एक-शून्यचे गाणे म्हणत. निक हॉर्नबी यांचे 'फीवर पिच' हे आत्मकथन १९९२ चे. सामन्यांच्या तारखा हीच प्रकरणांची शीर्षके असलेल्या त्या पुस्तकात पाठीराखेपण ही करमणूक म्हणून येत नाही. बहुतेक वेळ निराश राहूनही न सुटणारी ती बांधिलकी आहे. हॉर्नबी यांचा हा पाठीराखा फार अपेक्षा ठेवीत नव्हता. पुढे वेंगर यांच्यावर ज्या अपेक्षांनिशी टीका झाली, त्या अपेक्षा या पाठीराख्याजवळ नव्हत्या. त्या वेंगर यांनीच निर्माण केल्या.

२

१ ऑक्टोबर १९९६ रोजी वेंगर यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा इंग्लंडमध्ये त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. हा आर्सेन कोण, असा प्रश्न वृत्तपत्रांनी उघड विचारला. फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील हा माणूस अर्थशास्त्राचा पदवीधर होता. मोनाको संघाला त्याने १९८८ मध्ये फ्रान्सचे अजिंक्यपद मिळवून दिले होते आणि त्यानंतर तो जपानमधील नागोया येथे गेला होता. चष्मा, उंच सडपातळ बांधा आणि प्राध्यापकी बोलणे. 'प्रोफेसर' हे टोपणनाव त्यांना थोडे थट्टेने आणि थोडे आदराने मिळाले. या पहिल्या मूल्यमापनाला कृतीचा आधार नव्हता. मुखपृष्ठ पाहून पुस्तकाविषयी मत द्यावे, तसे ते होते.

१२ ऑक्टोबर १९९६ रोजी ब्लॅकबर्न येथे पहिला सामना २-० असा जिंकला आणि वाचन सुरू झाले. वेंगर यांनी आधी खेळाडूंच्या ताटातले पदार्थ बदलले. चॉकलेट आणि तळलेले पदार्थ गेले. उकडलेल्या भाज्या आणि मासे आले. मद्यपानाची जुनी रीत मोडली. स्नायूंच्या ताणाचे व्यायाम नित्याचे झाले. ग्रॅहम यांच्या काळातील टोनी अॅडम्स, ली डिक्सन, नायजेल विंटरबर्न, स्टीव्ह बोल्ड आणि मार्टिन किओन हे वय झालेले बचावपटू त्यांनी मोडीत काढले नाहीत. उलट त्यांची खेळण्याची वर्षे वाढविली आणि पुढे चेंडू घेऊन जाण्याची मोकळीक त्यांना दिली.

३ मे १९९८ रोजी एव्हर्टनविरुद्ध ४-० असा विजय मिळवून आर्सेनलने अजिंक्यपद निश्चित केले. त्या दिवशीचा चौथा गोल पाठीराख्यांना इतर कोणत्याही गोलापेक्षा अधिक आठवतो. मधल्या बचावातील बोल्डने मधल्या बचावातीलच अॅडम्सकडे चेंडू उचलून दिला, आणि अॅडम्सने थेट गोल केला. एक-शून्यच्या काळातील दोन पहारेकरी शत्रूच्या दारात पोचले होते. जुन्या शैलीतील शब्द तेच ठेवून वाक्यरचना बदलावी, तसे हे झाले होते. ब्रिटन आणि आयर्लंडबाहेरच्या मॅनेजरने इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकण्याची ही पहिली वेळ होती. त्याच हंगामात एफए चषकही आला, आणि २००२ मध्ये हा दुहेरी पराक्रम पुन्हा झाला.

गुण सांगताना पाठीराखे या काळात तीन गोष्टींवर भर देत. पहिली, पारख. निकोला आनेल्का हा तरुण सुमारे ५ लाख पौंडांत आला आणि १९९९ मध्ये २ कोटी पौंडांहून अधिक रकमेला रेआल माद्रिदला विकला गेला. त्याच्या जागी युव्हेन्टसमध्ये कडेला खेळून कोमेजलेला थिएरी ऑन्री आणला गेला. वेंगर यांनी त्याला मध्यभागी खेळविले, आणि त्याने आर्सेनलसाठी एकूण २२८ गोल केले. दुसरी, सौंदर्यदृष्टी. चेंडू जमिनीलगत, झपाट्याने आणि कमीत कमी स्पर्शांत पुढे नेणारा हा खेळ पाहणे हाच एक आनंद होता. तिसरी, सचोटी. फेब्रुवारी १९९९ मध्ये शेफील्ड युनायटेडविरुद्धच्या चषक-सामन्यात एका जखमी खेळाडूसाठी चेंडू मुद्दाम बाहेर मारला गेला होता. तो परत देण्याचा संकेत न पाळता आर्सेनलने विजयी गोल केला, तेव्हा वेंगर यांनीच सामना पुन्हा खेळण्याची तयारी दाखविली. सामना पुन्हा झाला आणि आर्सेनलने तोही जिंकला.

२००२ मध्ये आपला संघ संपूर्ण हंगाम अपराजित राहू शकेल, असे वेंगर बोलून गेले आणि त्यांची यथेच्छ टिंगल झाली. २००३-०४ च्या हंगामात ३८ सामन्यांपैकी २६ जिंकून आणि १२ बरोबरीत सोडवून आर्सेनलने ते खरे करून दाखविले. सर्वोच्च लीगमध्ये याआधी असे केवळ १८८८-८९ मध्ये घडले होते, आणि तेव्हा प्रेस्टन नॉर्थ एंडला २२ सामनेच खेळावे लागले होते. ही मालिका ४९ सामन्यांपर्यंत गेली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर थांबली. त्या शरद ऋतूत वेंगर यांच्या दोषांची यादी कोणी मागितली असती, तर बहुतेकांना ती देता आली नसती.

३

कर्त्याचे दोष दिसू लागतात ते बहुधा त्याच्याभोवतीचे जग बदलल्यावर. २००३ मध्ये रोमान अब्रामोविच यांनी चेल्सी क्लब विकत घेतला, आणि २००८ मध्ये मँचेस्टर सिटीमागे अबू धाबीचा पैसा उभा राहिला. नेमक्या याच काळात आर्सेनलने सुमारे ३९ कोटी पौंड खर्चून नवे मैदान बांधले. हायबरीत जेमतेम ३८ हजार प्रेक्षक मावत; नव्या एमिरेट्स मैदानात ६० हजार. मे २००६ मध्ये हायबरीचा निरोप झाला. त्याच महिन्यात पॅरिस येथे चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गोलरक्षक येन्स लेमान अठराव्या मिनिटाला बाहेर काढला गेला, दहा जणांच्या आर्सेनलने आघाडी घेतली, आणि अखेरच्या पंधरा मिनिटांत दोन गोल खाऊन बार्सिलोनासमोर सामना गमावला. २००५ च्या एफए चषकानंतर २०१४ पर्यंत एकही करंडक आला नाही.

या नऊ वर्षांच्या वाचनाची गंमत अशी की दोन्ही पक्षांपुढे आकडे तेच होते. खेळाडू विकले जात होते : २००५ मध्ये पॅट्रिक व्हिएरा, २००७ मध्ये ऑन्री, २०११ मध्ये सेस्क फाब्रेगास, २०१२ मध्ये रॉबिन व्हॅन पर्सी, आणि तोही मँचेस्टर युनायटेडला. तरीही संघ दरवर्षी पहिल्या चारांत येत होता. समर्थक म्हणत, कर्ज फेडता फेडता एवढे टिकवणे हाच पराक्रम आहे. विरोधक म्हणत, चौथ्या स्थानाला पराक्रम म्हणावे लागणे हाच ऱ्हास आहे. बँकांनी मैदानासाठी कर्ज देताना वेंगर पाच वर्षे राहतील अशी हमी मागितली होती, हे त्यांनी स्वतः बऱ्याच वर्षांनंतर सांगितले. पाठीराखे निकाल देत होते, तेव्हा हा कागद त्यांच्यासमोर नव्हता. लेखकाचा पत्रव्यवहार त्याच्या पश्चात प्रकाशित व्हावा आणि एखाद्या फसलेल्या कादंबरीमागची विवंचना तेव्हा कळावी, तसे हे आहे. विवंचना कळल्याने कादंबरी चांगली ठरत नाही. आपण केलेला आरोप मात्र बदलतो. ज्याला आपण आळस म्हणालो, ती ओढाताण होती असे दिसते.

आम्ही स्वतः २००८ पर्यंत समर्थकांत होतो. त्या वर्षी फेब्रुवारीत आर्सेनल गुणतक्त्यात पाच गुणांनी पुढे होता. बर्मिंगहॅम येथे एद्वार्दोचा पाय मोडला, सामना अखेरच्या क्षणी २-२ असा बरोबरीत गेला, आणि कर्णधार विल्यम गालास मैदानातच बसून राहिला. तो हंगाम तिसऱ्या स्थानावर संपला. तेव्हा आम्ही दैवाला दोष दिला. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूकॅसल येथे मध्यंतराला ४-० अशी आघाडी असताना सामना ४-४ असा सुटला, तेव्हा दैवाचे नाव घेणे जड जाऊ लागले. त्याच वर्षी २८ ऑगस्टला ओल्ड ट्रॅफर्डवर ८-२ असा पराभव झाला, आणि आमच्या घोळक्यात प्रथमच कोणीतरी म्हणाले की आता पुरे. उरलेले गप्प राहिले, पण विरोधही कोणी केला नाही.

४

आता दोषांचा विचार सावकाशीने करू. पाठीराख्यांच्या आरोपांची छाननी केली तर चार मुख्य आरोप हाती लागतात.

पहिला आरोप बचावाकडे दुर्लक्ष केल्याचा. व्हिएरा आणि जिल्बेर्तो गेल्यानंतर मधल्या फळीत पहारा देणारा तोलामोलाचा खेळाडू वेंगर यांनी आणला नाही, असे सांगितले जाई. यात तथ्य आहे. मात्र याच वेंगर यांच्या संघाने २००५-०६ च्या हंगामात चॅम्पियन्स लीगच्या सलग दहा सामन्यांत एकही गोल होऊ दिला नव्हता. त्यांना बचाव कळत नव्हता असे म्हणणे म्हणूनच चूक ठरेल. चांगले खेळाडू एकमेकांना समजून घेऊन बचावही करतील, अशी त्यांची धारणा होती. अॅडम्स आणि मंडळींच्या बाबतीत ती खरी ठरली, कारण त्यांना बचावाची शिकवण ग्रॅहम यांच्याकडून आधीच मिळालेली होती. मिळालेला वारसा संपल्यावर तो पुन्हा कमवावा लागतो, हे वेंगर यांनी फार उशिरा ओळखले.

दुसरा आरोप प्रतिस्पर्धी पाहून खेळ न बदलण्याचा. समोर कोणीही असो, आपण आपल्याच पद्धतीने खेळायचे, हा त्यांचा बाणा. जोसे मुरिन्यो यांच्यासारखे मॅनेजर नेमका याचाच फायदा घेत. २२ मार्च २०१४ रोजी वेंगर यांचा आर्सेनलसाठीचा एक हजारावा सामना चेल्सीच्या मैदानावर होता, आणि तो ६-० असा गमावला गेला. ज्या स्वभावामुळे एखादी शैली घडते, त्याच स्वभावामुळे ती ताठर होते. पाठीराख्यांना शैली हवी होती आणि ताठरपणा नको होता. अशी मागणी समीक्षकही करतात, आणि ती पुरी करणारा लेखक क्वचितच भेटतो.

तिसरा आरोप पैशाबाबतच्या हातराखेपणाचा. अर्थशास्त्राच्या या पदवीधराला वस्तूची रास्त किंमत ठाऊक होती, आणि बाजार वेडा झाला तरी ती सोडायची नाही असा त्यांचा हट्ट होता. २०१३ च्या उन्हाळ्यात लुईस सुआरेझसाठी आर्सेनलने लिव्हरपूलपुढे ४ कोटी पौंड आणि वर एक पौंड असा देकार ठेवला. करारातील एका कलमामुळे ४ कोटींहून अधिकचा देकार पुरेसा ठरेल, अशी समजूत त्यामागे होती. लिव्हरपूलने तो फेटाळला. तो एक पौंड पुढे चेष्टेचा विषय झाला. पण ज्या वर्षांत क्लबला खरोखर पैसा नव्हता, त्या वर्षांत याच हिशेबी वृत्तीने क्लब सावरला होता. संकटात कामी आलेली सवय संकट सरल्यावर सुटत नाही, हे आपल्याकडे दुष्काळ पाहिलेल्या घरांत सर्वांनाच ठाऊक असते.

चौथा आरोप निष्ठेचा. होय, निष्ठा हाच आरोप होता. ज्या खेळाडूला एकदा आपले म्हटले, त्याच्यावर वेंगर उघड टीका करीत नसत. आपल्या खेळाडूच्या गैरवर्तनाबद्दल विचारले असता आपण तो प्रसंग पाहिलाच नाही, हे त्यांचे उत्तर इतके ठरलेले होते की त्याचा विनोद झाला. जखमांनी वर्षानुवर्षे बाहेर असलेल्या खेळाडूंची ते वाट पाहत. अशा मॅनेजरखाली खेळणे सुखाचे असेल. परंतु निवड करताना ही माया आड येते. उपाध्यक्ष डेव्हिड डीन २००७ मध्ये क्लब सोडून गेले, आणि त्यानंतर वेंगर यांना बरोबरीच्या नात्याने 'हे चुकते आहे' असे सांगणारा कोणी उरला नाही. यात वेंगर यांच्याइतकाच, किंबहुना अधिक, संचालकांचा दोष आहे. चांगल्या संपादकावाचून प्रतिष्ठित लेखकाचे जे होते, ते येथे झाले.

चारही आरोप एकत्र ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. गुणांची जी यादी १९९८ मध्ये केली होती, तीच २०११ मध्ये दोषांची यादी झालेली आहे. खेळाडूंवरील विश्वास, शैलीचा आग्रह, रास्त किमतीचा विवेक आणि माणसाशी निष्ठा यांपैकी एकही गुण नाहीसा झाला नव्हता. म्हणून 'वेंगर बदलले' हे म्हणणे आम्हांला पटत नाही, आणि 'वेंगर बदलले नाहीत' हा बचावही पुरेसा वाटत नाही. भोवताल बदलल्यावर न बदलणे, हाही एक निर्णयच असतो.

५

२०१४ ते २०१७ या काळातील भांडण मात्र केवळ खेळाविषयी नव्हते. मे २०१४ मध्ये हल सिटीविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून ३-२ असा एफए चषक जिंकून दुष्काळ संपला. २०१५ आणि २०१७ मध्येही तो चषक आला. वेंगर यांचे एकूण सात झाले. तरीही कटुता वाढतच गेली. डिसेंबर २०१४ मध्ये स्टोक येथील पराभवानंतर रेल्वेस्थानकावर गाडीत चढणाऱ्या वेंगर यांना आर्सेनलच्याच काही पाठीराख्यांनी शिव्या दिल्या. पासष्ट वर्षांचा माणूस मान खाली घालून डब्यात शिरतो, हे चित्रीकरण आम्ही पाहिले आणि आम्हांला लाज वाटली. आपणही गेली तीन वर्षे घरात बसून याहून फारसे वेगळे बोललो नव्हतो, याची ती लाज होती.

त्या रोषाचे कारण मात्र समजून घेतले पाहिजे. एमिरेट्सवरील तिकिटे इंग्लंडमधील सर्वांत महागड्या तिकिटांमध्ये गणली जात. नवे मैदान बांधताना पाठीराख्यांना सांगितले गेले होते की यामुळे आपण युरोपातील बड्या क्लबांच्या पंक्तीला बसू. त्यांनी पैसे मोजले, वाट पाहिली, आणि पंक्तीत बसल्यावर ताटात काय आले? २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षे चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत पराभव, आणि त्यांतला अखेरचा बायर्न म्युनिककडून दोन सामन्यांत मिळून १०-२. २०१६ मध्ये लेस्टरसारखा सामान्य ऐपतीचा क्लब अजिंक्य ठरला. आर्सेनल दुसरा आला. 'पैसा नव्हता' हे उत्तर त्या वर्षी संपले. क्लबचे मालक अमेरिकेत होते आणि क्वचितच दिसत. हाताशी असलेला, प्रश्नांना उत्तर देणारा एकच माणूस होता. मालकांवरचा राग त्याच्या वाट्याला आला, आणि त्याने तो निमूटपणे स्वीकारला.

समर्थकांचीही चूक होती. कृतज्ञतेला ते युक्तिवाद समजले. २००४ मध्ये जे घडले त्याबद्दल आपण ऋणी आहोत, हे खरे. पण त्यावरून २०१७ चा करार योग्य ठरत नाही. विरोधकांची चूक याच्या नेमकी उलट. आजचा राग त्यांनी मागे पसरवला, आणि जुने विजयही ग्रॅहम यांच्या बचावफळीच्या पुण्याईवर किंवा डीन यांच्या खात्यावर मांडून टाकले. पहिल्याने भूतकाळ वर्तमानावर लादला, दुसऱ्याने वर्तमान भूतकाळावर. वेस्ट ब्रॉमविचच्या आकाशातील दोन विमाने ही या दोन चुकांची विमाने होती.

६

मे २०१७ मध्ये दोन वर्षांचा नवा करार झाला. त्या हंगामात आर्सेनल पाचवा आला होता. वेंगर यांच्या वीस पूर्ण हंगामांतली न चुकलेली पहिल्या चारांतील जागा प्रथमच गेली होती. २० एप्रिल २०१८ रोजी त्यांनी हंगामाअखेर जाण्याचे जाहीर केले. ६ मे रोजी एमिरेट्सवरील शेवटच्या सामन्यात बर्नलीला ५-० असे हरविल्यानंतर ते बोलायला उभे राहिले. आदल्याच दिवशी अॅलेक्स फर्ग्युसन यांच्यावर मेंदूतील रक्तस्रावामुळे शस्त्रक्रिया झाल्याचे वृत्त आले होते. वेंगर यांनी भाषणाच्या आरंभीच आपल्या या जुन्या वैऱ्याला बरे वाटो अशी इच्छा व्यक्त केली. मैदानभर लोक लाल सदरे घालून उभे होते, आणि त्यांवर फ्रेंच भाषेत आभार छापलेले होते. एकूण १,२३५ सामने भरल्यावर पुढच्या आठवड्यात ते निघून गेले.

त्यानंतर पुनर्मूल्यमापन सुरू झाले, आणि ते वेगाने झाले. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी आर्सेनल आठवा आला. ज्या चौथ्या स्थानाची टिंगल होत असे, ते आता दूरचे वाटू लागले. चॅम्पियन्स लीगमध्ये परतायला क्लबला २०२३ उजाडावे लागले. जुलै २०२३ मध्ये एमिरेट्सबाहेर वेंगर यांचा कांस्यपुतळा उभारण्यात आला. पुतळ्यातील वेंगर लीगचा करंडक उंचावून उभे आहेत. पुतळा नेहमीच संपादन करतो. स्टोकचे रेल्वेस्थानक त्यात येत नाही. ते यावे असे आमचे म्हणणे नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याने पुतळ्यावरून लिहू नये, एवढे नक्की.

स्वतः वेंगर यांनी २०२१ मध्ये आलेल्या एका माहितीपटात कबूल केले की क्लबशी स्वतःला संपूर्ण एकरूप करून टाकणे ही आपली चूक होती. त्यांच्या कोणत्याही टीकाकाराने केलेल्या विवेचनापेक्षा हे एक वाक्य आम्हांला अधिक मर्मग्राही वाटते. यात चारही आरोप आहेत, आणि चारही गुणही.

शेवटी आमच्या स्वतःच्या व्यवसायाकडे वळू. आमच्यापैकी काहींनी आपल्या शिक्षकांच्या उत्तरायुष्यातील पुस्तकांवर परीक्षणे लिहिली आहेत. कधी ऋणापोटी दोष झाकले, तर कधी स्वतंत्र बाणा दाखविण्यासाठी ते वाजवून सांगितले. दोन्ही वेळी पुस्तक बाजूला राहिले, आणि आपले शिक्षकांशी असलेले नातेच आम्ही निकाली काढीत बसलो. आर्सेनलच्या पाठीराख्यांचे बावीस वर्षांचे भांडण वाचताना आम्हांला आमची ती परीक्षणे आठवली. ऋण मान्य करावे आणि ते वेगळ्या कागदावर लिहावे. दोष सांगावा आणि तो कोणत्या गुणाच्या पोटी जन्मला तेही सांगावे. आपल्याला सगळे कागद दिसत नाहीत याचे भान ठेवावे. आणि ज्या दिवशी 'आता पुरे' म्हणायचे, त्या दिवशी ते शिवी न देता म्हणावे. हे नियम मांडायला सोपे आहेत. २०११ च्या त्या ऑगस्टमध्ये, आठवा गोल झाल्यावर, आम्हांला त्यांतला एकही आठवला नव्हता.